रसशाळेच्या केरातील सोने



२०२५ साली सोन्याच्या दराने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि त्यापाठोपाठ आपल्या व्यवसायात एक नवा पाहुणा हिंडू लागला. हातात चकचकीत माहितीपत्रक, सोबत काळ्या दाण्यांनी भरलेली काचेची नळी, आणि मुखी आश्वासन असे की, रसशाळेतील धुण्याचे पाणी या नळीतून सोडा, वाया जाणारे सोने व चांदी दाण्यांवर आपोआप धरले जाईल. असे दोन प्रतिनिधी वर्षभरात आमच्या सिरसाळ्यापर्यंत येऊन गेले. परळी तालुक्यातील या गावी जे पोहोचले, ते मोठ्या शहरांतील फार्मसीमालकांकडे कितीदा जाऊन आले असतील याची कल्पना करता येते. काही व्यवसायबंधूंनी हे साधन विकत घेतले आहे, काही विचारात आहेत. म्हणून याविषयी चार स्पष्ट शब्द लिहावेत असे वाटले.

प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच नोंदवतो. अधिशोषणाने मौल्यवान धातू परत मिळविण्याची विद्या खरी आहे, तीत लबाडी नाही. परंतु आपल्या बहुसंख्य रसशाळांत जे सोने हरवते, ते या नळीत सापडणारे सोने नव्हे. आणि ज्या केरात ते सापडते त्यात सोन्याच्या बरोबरीने पारा असतो. या दुसऱ्या गोष्टीबद्दल माहितीपत्रकात एक अक्षरही नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या आपापसांतील चर्चेतही ते क्वचितच निघते.

प्रथम सोने हरवते कोठे ते पाहू. सुवर्णभस्मासाठी सोन्याच्या वर्खाचा पाऱ्याशी मर्दन करून पिष्टी केली जाते, मग गंधक, मग भावना, मग पुटे. यात खलाच्या भिंतीला, बत्त्याला, गाळण्याच्या कापडाला, शरावाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे लागून राहते. मकरध्वजाच्या प्रसिद्ध पाठात एक भाग सोने, आठ भाग पारा व सोळा भाग गंधक असतो. वालुकायंत्रातून कूपी उतरविल्यावर गळ्याशी जमलेले सिंदूरवर्णी द्रव्य आपण औषध म्हणून घेतो, आणि घातलेले सोने जवळजवळ सगळेच्या सगळे तळाशी राखेत उरते. जाणते वैद्य ती राख जपून ठेवतात व तिचे भस्म करतात. पण कूपी फोडताना उडालेल्या काचेच्या चुऱ्यात, कापडमातीच्या कपच्यांत आणि झाडूखाली किती गेले याचा हिशेब ठेवणारी वही मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

हा हिशेब क्षुल्लक नाही. समजा, एखाद्या लहान फार्मसीत वर्षाला पन्नास ग्रॅम सोने खलात पडते आणि त्यातले शंभरास दोन या प्रमाणात केरात जाते. तो एक ग्रॅम झाला. वीस मिलिग्रॅमची मात्रा धरली तर त्या पन्नास मात्रा झाल्या. आमच्या भागातील ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या पैशातून मुलासाठी सुवर्णकल्प विकत घेते, तेव्हा आई हमखास विचारते, “डॉक्टर, यात खरंच सोनं असतं का?” या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा खलात किती गेले, औषधात किती उतरले आणि उरलेले कोठे आहे हे तिन्ही आकडे आपल्यापाशी असतात.

आता अधिशोषण म्हणजे काय ते थोडक्यात. स्पंजाने पाणी प्यावे तसे हे नव्हे. त्याला शोषण म्हणतात. अधिशोषणात द्रावणातील पदार्थ घन वस्तूच्या पृष्ठभागावर धरला जातो, आत मुरत नाही. साहजिकच पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढी धारणशक्ती अधिक. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेत तापवून क्रियाशील केला की त्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे तयार होतात. अशा एक ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडने खनिजातील सोने विरघळविण्याची रीत शोधली. पुढे १९७३ साली अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक खाणीत हे विरघळलेले सोने थेट गाळातच कोळशाच्या दाण्यांवर धरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि नंतर ती जगभर पसरली. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या खाणीतही, जी १९५६ पर्यंत आमच्या मराठवाड्यासह एकाच हैदराबाद राज्यात होती, सोने असेच कोळशावर धरले जाते. एक टन दगडात काही ग्रॅम सोने असले तरी ही पद्धत परवडते, यावरून तिचे सामर्थ्य ध्यानी यावे.

पण येथेच मेख आहे. कोळसा धरतो ते विरघळलेले सोने. सायनाइडच्या वा क्लोराइडच्या रूपात पाण्यात एकजीव झालेले. आपल्या खलाच्या धुवणातले सोने विरघळलेले नसते. ते धातूचे कण असतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही सुवर्णभस्म हे अतिसूक्ष्म कणांचे धातुरूप सोनेच असल्याचे आढळले. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, आणि म्हणून कोळशाच्या रंध्रांत शिरून धरले जाण्याचा प्रश्नच येत नाही. काही कण दाण्यांच्या फटीत अडकतील खरे, पण तेवढ्यासाठी जाड कापड पुरते. रजतभस्माची तीच गत. गंधकयोगाने झालेली चांदी पाण्यात उतरत नाही. शिवाय सुवर्ण वसंतमालतीसारखा कल्प करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यात लोण्याचे मर्दन असते, आणि लोण्याची स्निग्धता धुवणात उतरली की कोळशाची रंध्रे तेलकट होऊन बुजतात. अशी नळी महिनाभरात निकामी होते, आणि विक्रेत्याचा नव्या दाण्यांचा धंदा मात्र चालू राहतो.

आपल्याकडे सोने द्रावणात असते ते एकाच ठिकाणी. काही उत्पादक सोन्याची बारीक पूड मिळविण्यासाठी ते अम्लराजात विरघळवितात आणि मग पुन्हा खाली पाडतात. ही रीत शास्त्रसंमत की नाही हा वाद येथे नको. पण जे ती वापरतात त्यांच्याजवळ पिवळसर आम्लयुक्त पाणी उरते आणि त्यात सोन्याचा अंश खरोखर विरघळलेला असतो. तेथे कोळसा उत्तम काम करतो. उरलेले नत्राम्ल आधी तापवून घालवावे, हिराकशीच्या द्रावणाने मुख्य सोने खाली बसवावे आणि मग वर उरलेले पाणी कोळशातून सोडावे. क्लोराइडमधील सोने कोळशावर धरले जाता जाता धातुरूप होते. पुढे तो कोळसा मुशीत जाळून राख टंकणाबरोबर वितळविली की गोळी हाती येते. चांदीच्या बाबतीत एवढाही खटाटोप नको. नत्राम्लात विरघळलेली चांदी मिठाच्या पाण्याने पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते, किंवा तांब्याची पट्टी बुडविली की पट्टीवर जमते. गलाईवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ही सर्व कामे धुराड्याखाली, हातमोजे घालून करावयाची आहेत हे वेगळे सांगावयास नको, तरी सांगतो.

विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. धुवणाचे थोडे गाळलेले पाणी घेऊन त्यात कथिलाच्या स्टॅनस क्लोराइड नावाच्या क्षाराचे ताजे द्रावण दोन थेंब टाकावे. विरघळलेले सोने असेल तर जांभळट छटा येते. न आली तर समजावे की नळीला तेथे विशेष काम नाही. दोनपैकी एका प्रतिनिधीला मी माझ्याकडील धुवणावर हा प्रयोग करून दाखवा म्हणालो. त्यांना पुढच्या गावाची घाई होती.

मग धुवणातील कण मिळवायचे कसे? सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असल्यामुळे जाडसर कण हौदाच्या तळाशी लगेच बसतात. अडचण आहे ती बारीक कणांची. चांगल्या भस्माचे आपणच सांगितलेले लक्षण वारितरत्व, म्हणजे भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे. तेव्हा भस्म जितके उत्तम, तितके ते धुवणाच्या पाण्यात खाली बसायला नाखूष. यावर उपाय आपल्या घरातच आहे. गढूळ पाणी निवळायला आजीने जे केले तेच, तुरटी फिरवावी, नाहीतर निवळीचे बी उगाळून टाकावे. तरंगणारे कण एकमेकांना धरून जड होतात व रात्रीत तळ गाठतात. सकाळी वरचे पाणी अलगद काढून गाळ दाट कापडातून गाळून सावलीत वाळवावा. खल, बत्ता आणि हात धुण्याचे पाणी नाल्यात न सोडता एका पिंपात जमवावे. यासाठी लागणारा खर्च एका नळीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे.

येथपर्यंत सोन्याचे झाले. आता पाऱ्याचे बोलू, कारण या लेखाचे खरे प्रयोजन ते आहे.

केर जमला की तो जातो कोठे? सराफ कट्ट्यावरचा कचरा, भट्टीची राख, दुकानापुढची धूळ विकत घेऊन धुणारे झारेकरी आपल्या महाराष्ट्रात पूर्वापार आहेत. कारागिराच्या हातून सुटलेल्या कणावर त्यांचे घर चालत आले. त्यांच्याहून मोठा विस्तार गलाई व्यवसायाचा. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून निघालेली मराठी कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यांत, दिल्ली-कोलकात्यापासून केरळपर्यंत, सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या मांडून बसली आहेत. शेतात पिकेना म्हणून ज्यांनी विस्तव जवळ केला, अशा या माणसांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. सराफाचा केर त्यांच्या ओळखीचा. त्यात सोने, चांदी, तांबे, टंकण, कोळसा. रसशाळेचा केर मात्र दिसायला तसाच असला तरी त्यात कज्जली असते, हिंगूळ असतो, कधी मोकळा पाराही असतो. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि सोने वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे सोने मिळविण्यासाठी जो भट्टी पेटवील, तो सोने दिसण्याच्या पुष्कळ आधी सगळा पारा हवेत सोडील, आणि त्यातला काही भाग स्वतःच्या छातीत घेईल.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे असा एक कारागीर उपचारासाठी आला. वय पस्तिशीच्या आत. हाताला कंप, हिरड्या सुजलेल्या, तोंडाला सारखी लाळ, झोप उडालेली, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी शांत असलेला माणूस आता साध्या गोष्टीवर चिडतो आणि परक्यांपुढे बोलायला लाजतो. आधी त्याला कंपवाताची औषधे देऊन झाली होती. मी धंद्याची विचारपूस केली तेव्हा कळले, की एका औषधशाळेकडून तो दोन वर्षे फुटक्या कूप्या, जुनी गाळणी आणि झाडलोट वजनावर घेत होता व दुकानातल्या भट्टीत जाळीत होता. दार लावून, कारण वाऱ्याने राख उडाली तर सोने उडते. मी पाऱ्याचा संशय बोलून दाखविला तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, औषधाच्या कारखान्याचा केर आहे तो. त्यात विष कसं असेल?” अंबाजोगाईला पाठवून तपासणी करविली. लघवीत पाऱ्याचे प्रमाण वाढलेले निघाले. ते काम सुटल्यावर काही महिन्यांनी कंप बराच कमी झाला. पण बारीक काम आता त्याच्या हातून होत नाही. कानातल्या रिंगेला डाग लावणे ही ज्याची ख्याती होती, तो आज भावाच्या दुकानात गल्ला सांभाळतो.

त्याला केर विकणाऱ्याने काही बेकायदा केले असे कदाचित सिद्धही होणार नाही. ‘अनुसूची टी’ २००० साली लागू झाल्यापासून रसौषधींच्या निर्मितीसाठी जागा, भट्टी, स्वच्छता यांचे नियम आहेत. परंतु स्वतःच्या रुग्णांपुरते औषध तयार करणाऱ्या वैद्याला परवान्यातून सूट आहे, आणि तेथे निरीक्षक फिरकत नाही. २०१८ साली भारताने मान्य केलेल्या पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातही पारंपरिक व धार्मिक उपयोगाची उत्पादने बंदीच्या यादीतून वगळली आहेत. ही सवलत आपल्यावर विश्वास ठेवून मिळाली आहे. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आयुर्वेदीय औषधांतील जड धातूंविषयीचा अभ्यास आला तेव्हा आपण सर्वांनी एकमुखाने सांगितले, की आमचा पारा शोधित, संस्कारित व गंधकबद्ध असतो. ते उत्तर औषधापुरते होते. केरातला पारा भट्टीत गेला की त्याचे सर्व संस्कार गळून पडतात आणि उरतो तो नुसता पारा. त्याविषयी आपल्यापाशी काय उत्तर आहे?

उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. पारा धातूपासून वेगळा कसा करावा हे आपण पहिल्या वर्षापासून शिकलो आहोत. तिर्यक्‌पातन यंत्र म्हणजे दुसरे काय? बंद पात्रात केर तापवावा, नळीवाटे वाफ थंड पाण्यात न्यावी, पारा तेथे जमतो. गंधकबद्ध पाऱ्यासाठी केरात चुना मिसळून तापवावे, म्हणजे गंधक चुन्याला धरतो व पारा सुटतो. मातीच्या घटांचे सांधे पाझरतात, म्हणून येथे परंपरेचा आग्रह न धरता लोखंडी, घट्ट झाकणाचे पात्र वापरावे. हे काम वस्तीत करू नये. पारा निघून गेल्यावरच केर मुशीत जावा किंवा गलाईवाल्याच्या हाती जावा, आणि तोही त्यात काय होते हे स्पष्ट सांगून. हाच नियम नळीतल्या कोळशालाही लागू आहे. क्रियाशील कोळसा पाऱ्यालाही धरतो. पाऱ्याचा अंश धरलेला कोळसा विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे अंगणातल्या शेगडीत जाळणे म्हणजे घरातल्या माणसांना धुरी देणे होय.

नव्या संशोधनाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर तरुण वैद्य नाराज होतील. २०२४ साली झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांचा हलका स्पंज बनविला आणि वीस जुन्या संगणकांच्या मदरबोर्डांच्या आम्लद्रावणातून त्यावर सोने धरून सुमारे ४५० मिलिग्रॅमचा, बावीस कॅरटचा गोळा मिळविला. जपानमधील सागा विद्यापीठात त्याआधीच पर्सिमन नावाच्या तुरट फळाच्या चोथ्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्यातील टॅनिनवर सोने धरण्याचे प्रयोग झाले आहेत. ही दुसरी बातमी आपल्यासाठी विशेष. तुरट रस म्हणजे टॅनिन, आणि हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांचा काढा करून उरलेल्या चोथ्याचे ढीग प्रत्येक फार्मसीच्या मागे पडलेले असतात. त्या चोथ्यापासून अधिशोषक बनतो का, किती सोने धरतो, तांबे व लोखंड सोडून सोनेच निवडतो का, हे विषय रसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्यावेत. तेराशे वेळा झालेले भस्मपरीक्षणाचे प्रबंध पुन्हा लिहिण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल. मात्र हे सर्व प्रयोग आम्लात विरघळलेल्या सोन्यावरचे आहेत, ही मर्यादा त्यांनाही आहे. आणि असे काही साधलेच तर ते आपल्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याचा मोह टाळावा. पाऱ्याने सोन्याचा ग्रास घेणे वेगळे आणि कोळशाने द्रावणातले सोने धरणे वेगळे. ग्रंथांचा मान त्यात नसलेले घुसडून वाढत नाही.

काही फार्मसीमालक म्हणतील, एवढ्या तेवढ्यासाठी पातनयंत्र कोण मांडणार? शंका रास्त आहे. वर्षाला दोन किलो केर निघणाऱ्याने एकट्याने मांडू नये. त्याने आपला वाळलेला गाळ, कापडे व कूप्यांचे तुकडे झाकणाच्या बरणीत, वर तारीख व वजन लिहून, कुलुपात ठेवावेत. जिल्हा शाखेच्या पुढील बैठकीत माझा प्रस्ताव राहील, तो असा: जिल्ह्यातील सर्व सभासदांचा केर वर्षातून दोनदा एकत्र करावा, वस्तीपासून दूर असलेल्या एखाद्या सभासदाच्या शेडमध्ये एकच लोखंडी पातनयंत्र बसवावे, पारा आधी काढावा, मग केर विश्वासू गलाईवाल्याकडून आपल्यासमोर गाळून घ्यावा, आणि निघालेले सोने ज्याच्या त्याच्या बरणीच्या वजनाप्रमाणे नव्हे, तर प्रत्येक केराच्या नमुन्याच्या कसाप्रमाणे वाटावे. वजनावर वाटले तर बरणीत विटांचा चुरा वाढेल, हे आपण एकमेकांना ओळखत असल्यामुळे सांगून ठेवतो. यंत्राचा खर्च शाखेने करावा की केर देणाऱ्यांनी, निघालेला पारा कोणाच्या ताब्यात असावा आणि त्याची नोंदवही कोणी ठेवावी, हे तीन मुद्दे चर्चेसाठी खुले आहेत. नोंदवहीचे काम पहिली दोन वर्षे मी करीन.